नवस माहा, उपास तिचा

माह्या बायकोनं सकाळची गोळी हातात घेतली का आजही माहं तोंड कडू होते. ती म्हनते, गोळी मी खाऊन राहिली, तोंड तुमचं काहून कडू होते? मी पहिले ताट पाहतो. ताटात पोळी आहे का, भात आहे का. तिनं चार घास खाल्ले का मंग गोळी. मधात कोनी आलं, फोन आला, तरी माही नजर ताटावरच. लोकं म्हनतात, म्हातारपनी बायकोवर भारी जीव बसला. जीव बसला असं नाई, भेव बसलं. ते कसं बसलं तेच सांगाचं आहे.

मले लिहता येत नाई. सही करतो, पन ते पाहून वाटते कोंबडी कागदावरून चालत गेली. आमच्या रायपूरच्या गुढियारीतल्या भजनी मंडळातल्या एक काकू हे लिहून घेऊन राहिल्या. त्याईनं पहिलेच बजावलं, अनुभव सांगाचा तं खरा सांगा, स्वतःले मोठं करून सांगू नका. मी म्हनलं, काकू, ती फिकर सोडा, या गोष्टीत मले मोठं कराले कुठी जागाच नाई.

मी रायपूरजवळ, उरल्याले, लोखंडाच्या कारखान्यात मालाची चढ-उतार करत होतो. एक दिवस चहाच्या टायमाले पोट्ट्याईले हसवाचं म्हनून आमचे सुपरवायझर कसे चालते ते सळाखीच्या ढिगावर चढून दाखवत होतो. पोट पुढं काढलं, हात मागं बांधले, दोन पावलं टाकली अन् तिसऱ्या पावलाले खाली आलो. पाय मोडला. सुपरवायझरनंच गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यानं विचारलं, चढला कायले होता? मी म्हनलं, माल मोजत होतो.

पलस्तर काढल्यावर पाय धड पडे ना. डॉक्टर म्हने वेळ लागन. मले वेळ कुठी होता? मी रात-दिवस देवीले आळवाले लागलो. आळवाले म्हंजे काय, सौदा कराले. लहानपनापासून माहा देवीसोबत तसाच कारभार होता, तू हे दे, मी ते देतो. तवा मी डोंगरगढच्या आईले बोललो, आई, माहा पाय चालता कर, माही बायको नवरात्राचे उपास धरन, अन् अष्टमीले तुह्या दारात येऊन मंगच अन्नाले हात लावन.

हो, माही बायको. मी नाई. मी आपल्याले ओळखतो, माह्यानं भूक सहन होत नाई. देवीले खोटं कायले सांगाचं? म्हनून ज्याच्यानं होते त्याचं नाव घेतलं. पाय माहा, नवस माहा, उपास तिचा. मी हे तिले सांगितलं तवा ती चुलीपाशी बसली होती. तिनं एवढंच म्हनलं, मले विचारलं असतं तरी मी हावच म्हनली असती, पन विचारलं असतं तं बरं वाटलं असतं.

नवरात्रापर्यंत माहा पाय लंगडत का होईना पडाले लागला, अन् नवस फेडाची वेळ आली. पन तिले तीन वर्षांपासून शुगर. आमच्या पाऱ्यातल्या, म्हंजे मोहल्ल्यातल्या, डॉक्टरनं सकाळची एक गोळी लावून देल्ली होती. आमची छकुली बीरगांवले देल्ली आहे, तिनं फोनवर सांगितलं, "पापा, मम्मी को उपास मत करवाओ, उनको शुगर है." आमची पोट्टी मराठी समजते सारं, पन बोलते हिंदीतच. मी तिले म्हनलं, तुले काय समजते, देवीचं काम आहे, देवी पाहून घेईन. बाकीचे दिवस तसे निभले. दुपारी ती फराळ करे, साबुदाना, दही, एखादं केळ, अन् त्याच्यावर गोळी घे. अष्टमीले मातर दर्शन होईपर्यंत काहीच नाई, असं मीच बोलून बसलो होतो.

अष्टमीच्या सकाळी मी तिच्याआधी उठलो. नवल वाटलं तिले. मी पिशवी भरली. नारळ, चुनरी, उदबत्ती, अन् इलायचीदान्याची पुडी, त्या साखरेच्या पांढऱ्या गोळ्या असतात न, त्या. अन् मंग मी स्वतःच्या हातानं डब्बीतून गोळी काढून तिले पान्यासोबत देल्ली. डॉक्टरनं म्हनलं होतं गोळीचा नागा कराचा नाई. ते मले चांगलं ध्यानात होतं. जेवनानंतर घ्याची हे त्यानं कागदावर लिहून देल्लं होतं, अन् कागद मी देवाच्या फोटोमागं जपून ठेवला होता. वाचता येत नाई म्हनून जपून. बायको म्हनली, उपाशीपोटी घेऊ का? मी म्हनलं, घे, आजच्या दिवशी मले तुही काळजी घेऊ दे. अन् तिनं घेतली.

रायपूरहून आम्ही पॅसेंजर पकडली. अष्टमीची गाडी, डोंगरगढले जानाऱ्या लोकाईनं भरलेली. लाल चुनऱ्या, झेंडे, मांदर, झांज. आमच्याच डब्यात एक मंडळी बसली होती, ते देवीचे जस, म्हंजे तिची गानी, गात होते. मले खिडकीची जागा भेटली, ती मी बायकोले देल्ली, अन् एवढ्याच पुन्यावर छाती काढून बसलो. भिलाईच्या आसपास ती म्हनली, हातपाय थरथरून राहिले, डोळ्याइपुढं कसंतरी होऊन राहिलं. मी म्हनलं, देवीचं नाव घे. तिनं घेतलं.

दुर्गले गाडी उभी राहिली. अन् आता जे सांगतो ते मी मंडळात दोन महिने कोनाले सांगितलं नव्हतं. मी खाली उतरलो. बायकोले म्हनलं, पाय मोकळा करून येतो. पाय मोकळा करत करत मी समोस्याच्या ठेल्यापाशी गेलो, गाडीकडे पाठ केली, अन् दोन समोसे उभ्याउभ्या खाल्ले. गरम होते, तोंड पोळलं, पन घाई होती. तिनं खिडकीतून पाहू नये म्हनून मी एका खांबाच्या आड झालो होतो. तोंड पुसून वर चढलो तं तिच्या कपाळावर घाम. लुगडं ओलं झालेलं. म्हनलं, गरमीनं असन.

गाडी सुटली. शिवनाथच्या पुलावर साऱ्याईनं हात जोडून जैकारा देल्ला, मांदर जोरात वाजलं, अन् माही बायको झुलाले लागली. पहिले हळूच, मंग सारं अंग. डोळे अर्धे उघडे, पाहे पन कोनाले पाहे ते समजे ना. तोंडातून काहीतरी बडबड निघे. मी तिले हाक मारली, तिनं मले ओळखलं नाई. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माह्याकडे असं पायलं का जसा मी कोनी परका.

अन् मी काय केलं? हात जोडले.

गानाऱ्या मंडळीतला एक बुढा उठला अन् म्हने, देवी चढ़ गई. मांदरवाल्यानं ताल बदलला. बाया पुढं आल्या, कोनी कुंकू लावलं, कोनी लिंबू तिच्या मुठीत देल्लं, ते खाली पडलं. आमच्या रायपूरकडे नवरात्रात असं अंगात येते, आम्ही लहानपनापासून पाहतो. मले एक घडी वाटलं, पाहा, नवस फळाले आला, आई रस्त्यातच भेटाले आली. छाती फुगली माही. लोकं मले जागा देऊन राहिले, कोनी म्हने यह इनके घरवाले हैं. मी वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं अन् विचारलं, आई, माहा पाय पुरा नीट होईन का?

तिचे ओठ हलले. "पानी," ती म्हनली.

बुढा म्हने, माता पाँव पखारने को कह रही है. मंग एकानं बाटली काढली, अन् मी, मी माह्या हातानं, तिचे पाय धुतले. प्याले पानी मांगून राहिली होती माही बायको. मी तिचे पाय धुतले. हे आठवलं का मले आताही कुठी तोंड लपवू असं होते.

पाय धुताना मले ते पाय बर्फासारखे लागले. तवा पहिल्यांदा आत काहीतरी हललं. तिची मान एका बाजूले लुढकली अन् लाळ गळाली. मी हाक मारली, ए, ए छकुलीची माय. मांदर वाजतच होतं, माही हाक मलेच आयकू ये ना.

दाराजवळ पिशवीवर एक बाई बसली होती. दुर्गले चढली होती. साधी बाई, निळं लुगडं, रबराच्या चपला, चाळीस-पन्नासची. ती लोकाईतून वाट काढत आली, खाली बसली, बायकोच्या गळ्याले हात लावून पायला, कपाळाचा घाम बोटानं पुसून पायला, अन् मांदरवाल्याकडे पाहून हात वर केला. कोन जाने काहून, तो थांबला.

"एला शक्कर के बीमारी हे का, भैया?" तिनं मले विचारलं. हिले साखरेची बिमारी आहे का, असं.

मी म्हनलं, हव.

"गोली खाय हे?"

"हव."

"अउ भात?"

अष्टमीच्या दिवशी, देवीच्या गाडीत, एवढ्या लोकाईपुढं कसं सांगू का तिच्या पोटात अन्नाचा दाना नाई, अन् ते मीच बोललेलो, अन् माह्या पोटात आता दोन समोसे आहेत? पन त्या बाईनं माह्या तोंडाकडे पायलं अन् तिले समजलं. ती मंग भराभर बोलाले लागली. ही देवी नाई, साखर उतरली हिची. गोळीनं उतरवली, वरून पोट खाली. आता गोड नाई गेलं तं ही उठनार नाई. ती मितानिन होती. आमच्या छत्तीसगढमधे गावोगाव बाया असतात, ताप-खोकला, बाळंतपन पाहनाऱ्या, त्याईले मितानिन म्हनतात. औषधाची पेटी तिच्या घरी राहिली होती, बहिनीकडून परत चालली होती.

माहा हात वर गेला, गाडीची साखळी ओढाले. तिनं माहं मनगट धरलं. म्हने, इथं ओढशीन तं गाडी इथंच शेतात उभी राहीन. शेतात डॉक्टर नाई, डॉक्टर पुढं राजनांदगावले आहे, गाडीले पळू दे. भिलाईच्या कारखान्यातला एक भैया ड्युटी करून घरी चालला होता, त्याले तिनं सांगितलं का एकशे एकोनचाळीसवर फोन लाव, रेल्वेचाच नंबर आहे. त्यानं लावला. तिकडून विचारे, गाडी कोनती, डबा कोनता. भैयानं दारावरचा नंबर वाचला. मी त्याच डब्यात चढलो होतो, नंबर माह्या डोक्यावरून गेला. मंग विचारे, मरीजचं वय काय. भैयानं माह्याकडे पायलं. मले मालूम नाई. मी म्हनलं, माह्यापेक्षा कमी. माहं वय विचारलं, तेही मालूम नाई. भैयानं आपल्याच मनानं पंचावन सांगितले.

मितानिननं बायकोले कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पदरानं पुसली, अन् म्हने, साखर काढा कोनी. गूळ, साखर, काहीही.

आता पाहा. डबा भरून लोकं, अन् प्रत्येकाच्या मांडीवर प्रसादाची पिशवी. इलायचीदाना, पेढे, बत्तासे. कोनाचा हात हलला नाई. लोकं वाईट नव्हते. पन देवीले दाखवल्याशिवाय प्रसाद उष्टा कसा कराचा, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. बुढा पुटपुटला, देवी का है, जूठा मत करो. अन् खोटं कायले बोलू, माहाही हात पिशवीवर होता अन् पिशवी मी छातीशी धरली होती. बायको मरून राहिली होती अन् मी इलायचीदाना सांभाळत होतो. मनात काय आलं सांगू? मनात आलं, नवस मोडला तं पाय जाईन.

मितानिननं माह्याकडे पायलं. रागावली नाई. हळूच म्हनली, "अभीच त देवी काहत रेहेव, भैया. त देवी ला परसाद चढ़ावव."

आताच तं हिले देवी म्हनत होता न. मंग चढव देवीले प्रसाद.

माह्या हातून पिशवी कशी सुटली मले मालूम नाई. मी पुडी काढली. ते दाने तसे देल्ले तं घशात अडकते, म्हनून तिनं पुडी फरशीवर ठेवली अन् माहाच नारळ घेऊन वरून ठेचली. मंग एका बाईनं आपला स्टीलचा गिलास पुढं केला. तिनं त्यात चूर टाकला, थोडं पानी टाकलं, बोटानं घोळलं. घट्ट पाक झाला. तो पाक बोटावर घेऊन ती बायकोच्या गालाच्या आत, हिरड्याइले चोळाले लागली. थोडाथोडा. एक बोट, मंग थांबे, गिळते का पाहे. मंग दुसरं बोट. मले म्हने, नाव घेऊन हाक मार.

मी हाक मारली. मी तिचं नाव कधी घेत नाई, आमच्यात घेत नाई. त्या दिवशी घेतलं. नाव घेत राहिलो, अन् तोंडात दुसरं काहीच ये ना. मी तं बोलघेवडा मानूस, देवीसमोर उभा राहिलो का माही यादीच सरत नाई. त्या टायमाले यादी नव्हती. देतो-घेतो काही नव्हतं. नुसतं तिचं नाव, अन् मधात आई, आई. कोनत्या आईले म्हनत होतो तेही मले समजत नव्हतं.

एक छोटं स्टेशन आलं. मागून गार्डबाबू पळत आले, हातात लाल पेटी. पेटीत पट्ट्या होत्या, मलम होतं, कापूस होता, आमच्या कामाचं त्यात काही नव्हतं, तेही बिचारे कसेनुसे झाले. पन त्याईले कंट्रोलमधून खबर भेटली होती. ते म्हने, राजनांदगावले डॉक्टर अन् स्ट्रेचर उभं आहे, तुम्ही फक्त इथून हलू नका. खांद्यावरच्या वायरलेसवर ते डायवरसोबत बोलले, अन् गाडी सुटली. मी मितानिनले विचारलं, जगन का? ती म्हने, गिळून राहिली. मी तेवढंच धरून बसलो. गिळून राहिली. गिळून राहिली.

तो रस्ता किती लंबा होता हे मले सांगता येत नाई. त्या पट्ट्यावरून मी कितीदा गेलो असन, कधी झोपेत गेलो असन. त्या दिवशी प्रत्येक खंबा मोजत होतो. घटकाभर वाटे का तिचं अंग गरम होऊन राहिलं, घटकाभर वाटे का माह्याच हाताची गरमी आहे. तो बुढा आला, त्यानं आपल्या पिशवीतून बत्तासे काढले, फोडले अन् गिलासात टाकले. मंग आनखी दोन-तीन हात आले. गिलास अर्धा भरला.

अन् मंग तिच्या पापन्या हलल्या. तिनं डोळे फिरवले, छताकडे पायलं, मितानिनकडे पायलं, मंग मी अगदी जवळ वाकलो होतो, माह्या तोंडाकडे पायलं. नाक आकसलं. हळूच, तुटत तुटत बोलली.

"छकुलीचे बाबा... समोसा खाल्ला का तुम्ही?"

डबा हसला. सारा डबा. मितानिन तोंडाले पदर लावून हसली. मी रडलो. मी असा रडलो का मोठ्या मानसानं रडू नये. दोन समोसे, म्हनलं, दोन खाल्ले. ती म्हनली, बरं. अन् पुन्हा डोळे मिटले.

मी पुन्हा तिच्या नावानं हाका माराले लागलो. मितानिन म्हने, घाबरू नको, पन हसूही नको अजून. गोळी अजून पोटात आहे, साखर पुन्हा उतरते, डॉक्टरच पाहिजे. तिनं पाक देनं थांबवलं नाई. 

राजनांदगावले गाडी थांबली तं खरंच फलाटावर स्ट्रेचर उभं. डॉक्टरबाईनं तिथंच बोट टोचून यंत्रात पायलं. आकडा मले वाचता येत नाई, मी तिचं तोंड वाचलं, अन् ते तोंड चांगलं नव्हतं. तिनं विचारलं, गोड कोनी देल्लं? मी मागं वळलो. मितानिन खाली उतरली होती, पलीकडे नळावर हात धुत होती, चिपचिप झाले होते. भैया म्हने, तिचं गाव तं मागंच गेलं, त्या छोट्या स्टेशनवर उतराचं होतं तिले, आता परतीच्या गाडीनं जाईन. मले पळत जाऊन तिचे पाय धरावे वाटलं. पन स्ट्रेचर चाललं होतं. मी दोनीकडे पायलं अन् स्ट्रेचरच्या मागं पळालो. लंगडत पळालो. तिचं नाव विचाराचं राहून गेलं.

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरनं विचारलं, उपासात ही गोळी खा म्हनून कोनी सांगितलं? शाळेत मी कधी हात वर केला नाई, तिथं केला. तो डॉक्टर माह्यावर ओरडला नाई. कागद घेतला अन् त्यावर चित्र काढून देल्लं, पहिले ताट, मंग गोळी. म्हने, हे वाचता येते न? मी म्हनलं, हव साहेब. मले आयुष्यात वाचता आलेला तो एकच कागद. मंग जाता जाता तो म्हने, गाडीत कोनी गोड देल्लं नसतं तं... अन् पुढचं बोलला नाई. तो बोलला नाई म्हनून मी आजही ते पुरं करत असतो, रोज, वेगवेगळं.

मंडळातले लोकं म्हनतात, तुम्ही समजले नाई, ती मितानिन म्हंजे आईच होती. असन. नसन. एकाच गाडीत मी एका बाईले पाहून देवी म्हनलो अन् तिचा जीव जाता जाता वाचला, दुसरीले मी इतक्या जल्दी देवी म्हनाले तयार नाई. मले एवढंच मालूम आहे का ती तिच्या गावाले उतरली नाई. अन् जे बोलली, ते तिच्या तोंडात कोनी टाकलं ते तिचं तिले माहीत. मी त्या आईच्या दारात इतक्या वर्षांत कितीदा गेलो, कितीदा हात पसरले, पन काही देल्लं ते त्या गाडीच्या फरशीवर, अन् तेही दुसऱ्यानं सांगितलं म्हनून. त्या टायमाले मले बदल्यात काही नको होतं. म्हनजे, तीच पाहिजे होती. पन मांगाची अक्कल राहिली नव्हती. माह्यापाशी फक्त पिशवी सोडनं होतं, ते मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी भेटली. दवाखान्यातला वरन-भात ती पोटभर जेवली, मी तिच्याकडे पाहत बसलो. छकुली आली होती, तिनं मलेही ताट वाढलं. तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं. ती औषध आनाले गेली अन् आम्ही दोघं स्टेशनच्या बाकड्यावर बसलो. इकडे डोंगरगढ, तिकडे रायपूर. माह्या मनात भेव, नवस अर्धा राहिला, आई कोपन, अन् या खेपेले हिलेच नेईन. मी चाचरत विचारलं, जवळच आहे डोंगरगढ, जाऊन येऊ का, तू खालीच बसजो, मी पायऱ्या चढतो.

ती म्हनली, "आई काय तिथं हजेरीचं रजिस्टर घेऊन बसली आहे का? घरी चाला."

रायपूरच्या गाडीत तिले पुन्हा खिडकी भेटली. छकुली समोर बसल्या बसल्या झोपली. बायकोनंही डोळे मिटले. अन् माहं सुरू झालं. दर दोन मिनिटाले मी वाकून पाहे, छाती हलते का. तिच्या नाकापुढं बोट धरे. हात गरम आहे का पाहे. कपाळ पुसून पाहे, घाम आहे का. एकदा तं मी तिले हलवून उठवलं, तू मले ओळखतेस न, म्हनून विचारलं. ती म्हनली, बत्तीस वर्षांपासून ओळखते, तेच तं दुखनं आहे. अन् पुन्हा डोळे मिटले. मी पुन्हा बोट नेलं.

तिनं डोळे न उघडता माहा हात धरला, आपल्या मांडीवर ठेवला अन् वरून आपला हात ठेवला.

"मी आहो," ती म्हनली. "तुमच्या पाहन्यानं नाई आहो. उगेमुगे बसा."

पूल आला, लोकाईनं हात जोडले. माहा एक हात तिच्या हाताखाली होता, जोडता येत नव्हते. मी तसाच बसलो, उगामुगा.